पडद्यापलीकडचे मूल



ऑनलाइन शिक्षणाविषयी बोलताना आपण बहुधा मोबाइल, नेटवर्क आणि डेटा यांविषयी बोलतो. ती अडचण खरीच होती. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या सत्तरी तालुक्यात मोठी मुले छत्र्या घेऊन डोंगर चढत. वर गेल्यावर कुठे तास ऐकू येई. पण जिथे नेटवर्क होते, तिथेही काही मुलांपर्यंत शिक्षण पोचले नाही. ते का, हे मला आज सांगायचे आहे.

मी त्या वेळी एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग एकटीच सांभाळत होते. मुलांची घरची बोली कोकणी, पुस्तक मराठी. वर्गात याची कधी अडचण वाटली नाही. एखाद्या शब्दावर पाच-सहा चेहरे कोरे दिसले की मी तोच शब्द कोकणीत सांगायची आणि पुढे जायची. हे आपण करतो, याचेही भान नसे. तास मोबाइलवर आले तेव्हा ते चेहरे दिसेनासे झाले.

बेडकावरचा एक छोटा व्हिडिओ मी पालकांच्या गटावर पाठवला. रात्री तिसरीतल्या एका मुलीचा आवाजी निरोप आला, "बाई, बेडूक म्हणजे बेबो न्हय?" मी हो म्हटले. पहिलीतल्या एका मुलाच्या घरून मात्र नेहमीप्रमाणे अंगठ्याचे चिन्ह आले. त्या महिन्यात प्रत्येक धड्यावर त्या घरून अंगठाच आला होता. पुढे वह्या द्यायला मी त्यांच्या घरी गेले. अंगणात बेडूक ओरडत होते. मी त्याला विचारले, "बेडूक पाहिलास?" तो आईच्या मागे लपला. त्याला शब्द माहीत नव्हता आणि विचारायचे कुणाला, हेही माहीत नव्हते. त्याच्या लेखी मी मोबाइलमधून बोलणारी कोणी बाई होते.

या दोन मुलांत हुशारीचा फरक नव्हता. मुलगी दोन वर्षे माझ्यासमोर बसली होती. चुकीचे बोलले तरी बाई हसत नाहीत, हे तिने अनुभवाने ओळखले होते. तो विश्वास आधीच साठलेला होता आणि शाळा बंद झाल्यावर तिने त्यातूनच खर्च केला. मुलाजवळ अशी साठवण नव्हती.

दूरशिक्षणाचे अमेरिकेतील अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून जो विचार मांडला, तो इथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते शिक्षणातले अंतर मैलांनी ठरत नाही; शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात किती बोलणे होते, त्यावर ते ठरते. बोलणे वाढले की अंतर कमी होते. धडा आधीच ठरवून बांधलेला असेल आणि उलट विचारायला जागा नसेल, तर अंतर वाढते. अंतर जितके मोठे, तितके विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर शिकावे लागते. पदवीच्या विद्यार्थ्याला हे एक वेळ जमेल. सहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षाच चुकीची. म्हणजे ज्याला शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला सर्वांत लांबचा शिक्षक आला.

'असर' या देशव्यापी पाहणीतले दोन आकडे पाहा. ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२२ मध्ये तिसरीत असलेली मुले म्हणजे २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले. या घसरणीला गरिबी, मोबाइल नसणे, पालकांचे शिक्षण अशी अनेक कारणे आहेत. सगळा भार मी नात्याच्या अभावावर टाकत नाही. पण वाचायला शिकण्याच्या वयात समोर ओळखीचा शिक्षक नव्हता, ही गोष्ट त्यातून वगळता येणार नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी दोन मुले आवाजी निरोपात मोकळेपणाने बोलू लागली. चारचौघांत चुकण्याची भीती तिथे नव्हती. तेव्हा दोष यंत्राला देऊन भागणार नाही. यंत्रातून उत्तर परत येण्याची वाट आपण ठेवतो का, हा खरा प्रश्न आहे.

त्या भेटीनंतर मी काही गोष्टी बदलल्या. "समजले का?" हा प्रश्न सोडला, कारण त्याचे उत्तर अंगठाच असते. त्याऐवजी "मला सांगून दाखव" म्हणू लागले. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाशी दोन-तीन मिनिटे फोनवर बोलायचे. सुरुवात कोकणीत, घरातल्या मांजराविषयी, पावसाविषयी, आणि मग धड्याकडे वळायचे. वही तपासली की नुसती खूण न करता त्या मुलाचे नाव घालून एक ओळ लिहायची. पहिलीच्या मुलांना मात्र जमेल तेव्हा प्रत्यक्ष भेटायचे. तो लपणारा मुलगा तिसऱ्या भेटीत बोलला. त्याने मला त्याच्या विहिरीतला बेबो दाखवला आणि मी त्याला 'बेडूक' हा शब्द दिला.

आज शाळा भरतात. तरी ऑनलाइन तास संपलेले नाहीत. अतिवृष्टीच्या सुट्टीत, शिकवण्यांत, परदेशी राहणाऱ्या नातवंडांच्या मराठी वर्गांत ते चालूच आहेत. असा वर्ग सुरू करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पहिले काही दिवस धडा बाजूला ठेवा. प्रत्येक मुलाला नावाने हाक मारा, ते घरी काय बोलते ते ऐका, आणि त्याला तुम्हांला एक प्रश्न विचारू द्या. तो प्रश्न आला, की मग पुस्तक उघडा.