विद्यापीठाचें नांव आणि विद्यार्थी

नांवांत काय आहे, असा प्रश्न सुखवस्तु घरांत सहज विचारला जातो. मराठवाड्यांत मात्र एका विद्यापीठाच्या नांवासाठीं सोळा वर्षें चळवळ चालली आणि माणसांचे प्राण गेले.

त्या नांवाचा आणि त्या भूमीचा संबंध प्रथम पाहूं. निजामी राजवटींत तेथें उच्च शिक्षणाची सोय अगदीं तुटपुंजी होती. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. विद्यापीठ निघालें तें १९५८ सालीं. म्हणजे खेड्यांतून आलेला, अस्पृश्य मानलेल्या जातींतला मुलगा तेथें पुस्तक उघडून बसला, तेव्हां विद्यापीठाचा पायाही घातला गेला नव्हता. त्याच्या मागच्या पिढीनें बाबासाहेबांचें नांव मागितलें, ह्यांत नवल तें काय?

२७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं नामांतराचा ठराव केला. विरोधास उभे राहिले तेही विद्यार्थीच, हें लपवून चालणार नाहीं. 'मराठवाडा' ह्या शब्दाशीं हैदराबाद मुक्तिलढ्याच्या आठवणी निगडित आहेत, असें ते म्हणत. त्या म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु शहरांतला हा वाद खेड्यांत पोहोंचला तेव्हां वाद उरला नाहीं. दलितांचीं घरें जळलीं. नांदेड जिल्ह्यांत पोचीराम कांबळे मारले गेले. राखीव जागा, शिष्यवृत्त्या, गांवकीचीं कामें नाकारण्याचें नवें धैर्य, ह्या साऱ्यांविषयींचा सांचलेला राग त्या ठरावाच्या निमित्तानें बाहेर पडला, असें मला वाटतें. ठराव मात्र कागदावरच राहिला.

दलित विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांच्या बरोबरीनें कित्येक सवर्ण समाजवादी तरुणांनीं, सत्याग्रह केले. १९७९ सालीं जोगेंद्र कवाडे ह्यांच्या नेतृत्वाखालीं नागपुराहून लाँग मार्च निघाला. १९९३ सालीं नांदेडास गौतम वाघमारे ह्यांनीं आत्मदहन केलें.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजीं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हें नांव आलें. जुना शब्द राखला म्हणून ह्यास 'नामविस्तार' म्हणतात. चळवळींतल्या पुष्कळांच्या तोंडीं मात्र अजून 'नामांतर'च आहे. ठराव झाला तेव्हां आणि तो अमलांत आला तेव्हांही मुख्यमंत्री शरद पवारच होते! त्याच वर्षीं नांदेडास निराळें विद्यापीठ निघालें; त्याच्याही नांवांत स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्यापुढें 'मराठवाडा' आहेच.

दरवर्षीं १४ जानेवारीस विद्यापीठाच्या महाद्वाराशीं लोक जमतात. १९७८ सालचे विद्यार्थी आतां केंस पिकलेले आजोबा झाले आहेत.