कोरांटीचा जुना पत्ता

दिवाळीच्या सुमारास जालन्याकडे बांधाबांधावर पिवळी कोरांटी फुललेली दिसते. काटे असे की शेळीही जपून तोंड लावते. दातांसाठी पाला चघळतात म्हणून हिलाच वज्रदंती म्हणतात. फुलाफळासह तिची फांदी दाबून, वाळवून जाड कागदावर डकवली आणि खाली चिठ्ठी लावली, की हर्बेरियमचा नमुना तयार होतो. ‘हर्बेरियम’ या नावावरून अनेकांना हे जडीबुटीचं कपाट वाटतं. प्रत्यक्षात ते वनस्पतींचं दप्तर आहे.

रंग उडालेल्या फुलाचा उपयोग काय, असंही विचारतात. पिवळं फूल वाळून तपकिरी पडतं हे खरं, म्हणून तर रंग चिठ्ठीवर लिहितात. पण बार्लेरिया म्हणजे कोरांटीची प्रजाती ओळखायची ती चार संदलांवरून: बाहेरची दोन मोठी, आतली दोन अरुंद. पिवळीच्या बोंडात बिया दोन, बागेतल्या निळ्या-पांढऱ्या कोरांटीच्या बोंडात चारपर्यंत. हे सगळं वाळल्यावरही टिकतं. मात्र फांदी बागेतली असेल तर ‘लागवडीची’ एवढा शब्द चिठ्ठीवर हवाच, नाहीतर पुढचा अभ्यासक तिला रानातली समजतो.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो चिठ्ठीवरच्या जिल्ह्याच्या नावाचा. ‘जालना’ शोधून जुना नमुना सापडला नाही, म्हणजे इथे कुणी गोळाच केला नाही, असा निष्कर्ष लगेच निघतो. पण जालना जिल्हाच मुळी १ मे १९८१चा! त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबादेत होते आणि परतूर परभणीत. १९५६पूर्वी तर सारा मराठवाडा हैदराबाद राज्यात. म्हणजे १९७५ साली अंबडला तोडलेल्या फांदीवर ‘औरंगाबाद’ हेच बरोबर. आणि आता तर औरंगाबादही छत्रपती संभाजीनगर झालं आहे. म्हणून जुना नमुना शोधताना आधी गावाचं नाव बघावं. व्ही. एन. नाईक यांनी १९९८च्या ग्रंथात अख्ख्या मराठवाड्याच्या वनस्पती एकत्र मांडल्या, ते मला यासाठीही सोयीचं वाटतं.

मग जुनी चिठ्ठी खोडून ‘जालना’ लिहावं का? हर्बेरियमवाले असं कधीच करत नाहीत. जुनी चिठ्ठी जागेवरच राहते. शेजारी तारीख आणि सही असलेली नवी डकवतात.