भाजीवरील विषाचा हिशेब

मंडईंतून आणलेली भेंडी धुऊन, पुसून, चिरून कढईंत पडेपर्यंत तिच्याविषयीं गृहिणीच्या मनांत सहसा शंका येत नाहीं. परंतु शेतांत त्याच भेंडीवर तुडतुडे पडले, शेजारच्या वांग्यांत अळी शिरली, म्हणजे शेतकऱ्यानें फवारा हातीं घेतलेला असतो. आणि फवारलेल्या औषधाचा कांहीं अंश, कितीहि सूक्ष्म असो, भाजीबरोबर घरांत येऊं शकतो. हा अंश शून्यच असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र आजचीं उपकरणें एक किलोग्रॅम भाजींत मिलिग्रॅमाच्या शंभराव्या भागाइतकें औषधहि शोधून काढतात. तेव्हां ‘आहे कीं नाहीं’ या प्रश्नापेक्षां ‘किती आहे, व तितकें चालेल काय’ हाच प्रश्न खरा ठरतो.

या प्रश्नाचें पहिलें सरकारी उत्तर भाजीसाठीं नव्हे, तर बिअरसाठीं शोधलें गेलें. सन १९०० मध्यें इंग्लंडांत मँचेस्टर व आसपासच्या भागांत हजारों माणसें आजारी पडलीं व कित्येक मरण पावलीं. बिअर करण्यासाठीं वापरलेल्या साखरेंत गंधकाम्लाच्या वाटे सोमल उतरला होता. चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सुप्रसिद्ध पदार्थविज्ञानवेत्ते लॉर्ड केल्व्हिन हे होते. सन १९०३ च्या अहवालांत घन अन्नासाठीं दर पौंडास एका ग्रेनचा शंभरावा भाग ही सोमलाची मर्यादा सुचविण्यांत आली; आजच्या मापानें ती किलोग्रॅमास सुमारें १.४ मिलिग्रॅम होते. पुढें सफरचंदांवर शिशाच्या सोमलयुक्त क्षाराचे फवारे मारले जाऊं लागले, तेव्हां १९२५ च्या सुमारास अमेरिकेंतून आलेल्या फळांना इंग्लंडांत हीच मोजपट्टी लावली गेली.

आजची रीत याहून सूक्ष्म आहे. उंदीर, कुत्रे इत्यादि प्राण्यांना औषध निरनिराळ्या प्रमाणांत दीर्घकाळ खाऊं घालतात, आणि ज्या मात्रेपर्यंत कोणताहि अपाय आढळत नाहीं ती मात्रा नोंदवितात. तिला बहुधा शंभरानें भागतात. माणूस प्राण्यापेक्षां दहापट हळवा असूं शकेल म्हणून एक दहा, आणि माणसामाणसांतहि बालक, वृद्ध, रोगी असा फरक असतो म्हणून दुसरा दहा. समजा, किलोग्रॅम वजनामागें रोज १ मिलिग्रॅम मात्रेनें प्राण्यास कांहीं झालें नाहीं, तर माणसासाठीं ०.०१ मिलिग्रॅम धरावयाचें. साठ किलोग्रॅम वजनाच्या गृहस्थास दिवसाला ०.६ मिलिग्रॅम चालेल, पण पंधरा किलोग्रॅमाच्या मुलास ०.१५ च. आयुष्यभर रोज पोटांत गेली तरी चालेल अशी ही मात्रा होय.

येथेंच एक मोठा गैरसमज होतो. भाजीसाठीं कायद्यांत दिलेला आंकडा या हिशेबांतून सरळ निघत नाहीं. तो शेतांतून येतो. औषध परवानगीच्या कमाल प्रमाणांत फवारून, ठरलेले दिवस थांबून भाजी तोडतात व तीवर किती अंश राहिला तें मोजतात. निरनिराळ्या ठिकाणच्या अशा प्रयोगांवरून मर्यादा ठरते. मग लोक ती भाजी किती खातात हें पाहून एकूण अंश वरच्या मात्रेच्या आंत राहतो कीं नाहीं हें ताडून पाहतात. राहत नसेल, तर त्या पिकावर त्या औषधास परवानगी मिळत नाहीं. म्हणून मर्यादा ओलांडलेली भाजी विषारीच असते असें नाहीं, पण शेतांत नियम मोडला गेला असावा असा संशय मात्र बळावतो.

ही रचना ऐकावयास निर्दोष वाटते. तिच्यांतील एक उणीव गाजरानें उघड केली. तपासणीच्या वेळीं अनेक गाजरें एकत्र वाटून त्यांचें सरासरी प्रमाण काढीत असत. ब्रिटनमध्यें १९९० नंतरच्या दशकांत एकेक गाजर वेगळें तपासलें, तेव्हां एखाद्या गाजरांत सरासरीच्या पंचवीस पटींपर्यंत अंश आढळला. गाजरमाशीसाठीं वापरलेलीं हीं फॉस्फरसयुक्त औषधें मज्जातंतूंवर परिणाम करणारीं होतीं. रोजच्या सरासरीनें आयुष्यभराचा हिशेब बरोबर येत होता. पण नेमकें तेंच एक गाजर ज्या मुलाच्या ताटांत पडेल, त्याच्या त्या एका दिवसाचें काय? सन १९९५ मध्यें तेथील सरकारनें गाजराचा वरचा भाग कापून व साल काढून खाण्याचा सल्ला दिला. त्याच दशकांत एका दिवसाच्या किंवा एका जेवणाच्या मात्रेची वेगळी मर्यादा ठरविण्याची रीत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितींत रूढ झाली. एका विचारी निरीक्षणानें साऱ्या शास्त्राचा हिशेब बदलावा, असे प्रसंग फार थोडे.

धुण्यानें सर्व कांहीं जातें, अशीहि समजूत आहे. पृष्ठभागावरील अंश पाण्यानें बराच कमी होतो खरा, पण कांहीं औषधें मुळांवाटे शोषलीं जाऊन फळाच्या गरांत पोंचतात. सन १९८५ मध्यें कॅलिफोर्नियांत कलिंगडें खाऊन हजारांवर लोक आजारी पडले. आल्डिकार्ब हें औषध त्या पिकावर वापरण्यास परवानगीच नव्हती. बाहेरून धुतलेल्या कलिंगडानें त्यांचें रक्षण झालें नसतें.

भारतांत १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन या कीटकनाशकानें दूषित झालेलें अन्न खाऊन शंभरावर माणसें दगावलीं. त्यानंतरच्या चौकशीचें फळ म्हणजे १९६८ चा कीटकनाशक कायदा. अन्नांतील मर्यादा ठरविण्याचें काम आतां २००६ च्या कायद्याखालीं स्थापन झालेल्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे आहे.

खरी अडचण मात्र भेंडीच्या वाफ्यांतच आहे. फवारणीनंतर सात दिवस थांबा, असें लेबलावर छापलेलें असलें, तरी भेंडी दर दोन-तीन दिवसांनीं तोडावी लागते. न तोडल्यास ती जून होऊन बाजारांत कोणी घेत नाहीं. काकडीचें आणि वांग्याचें कमीअधिक तेंच. कोबी एकदांच काढावयाचा असल्यानें त्याचा शेतकरी थांबूं शकतो. भेंडीचा शेतकरी थांबला, तर दोन तोडे हातचे जातात. म्हणून अशा पिकांसाठीं एक-दोन दिवसांतच ओसरणारीं औषधें, पिवळे चिकट सापळे, कीड दिसल्यावरच फवारणी, असे उपाय सुचविले जातात. ते महाग पडले किंवा वेळेवर मिळाले नाहींत, तर शेतकरी हाताशीं असलेली जुनी बाटली उघडतो. आणि त्या आठवड्यांतील भेंडी तपासणीस न जातां थेट मंडईंत जाते.