जन्म मनमाडचा, कार्ड अमेरिकेचे

मनमाड हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गाव. रेल्वेच्या नोकरीने बाहेरून आलेली कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांची मुले शिकून पुण्या-मुंबईला गेली, कुणी आखातात गेली. आता काही घरांत अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, चर्चा होते. मुलगा संशोधक आहे, मुलगी डॉक्टर आहे. कुणीतरी सांगते, ‘कंपनी लागत नाही, स्वतःच अर्ज करता येतो.’ यात खरे किती आणि मागे राहणाऱ्या अम्मी-अब्बांचे काय, हे आम्ही इथे सांगणार आहोत.

दार कसे उघडले

केवळ हुशारीवर अमेरिकेत कायमचे राहता येणे ही जुनी गोष्ट नाही. टाइप ढाळण्याच्या यंत्रामुळे नावाजलेले मुंबईचे संशोधक शंकर आबाजी भिसे १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्या हयातीतच, १९२३ साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा बंद केला होता. तो १९४६ साली किलकिला झाला : वर्षाला फक्त १०० भारतीय. १९६५ च्या कायद्याने देशावार कोट्याची जुनी पद्धत गेली आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. आजचे नियम १९९० च्या कायद्यातले आहेत.

‘असामान्य’ कोणाला म्हणतात?

नोकरी-व्यवसायाच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात. त्यात अर्जदाराची पत्नी किंवा पती आणि मुलेही मोजली जातात. पहिल्या वर्गाला, ईबी-१ ला, सुमारे ४०,००० येतात. त्यातला एक प्रकार विज्ञान, कला, शिक्षण, व्यापार आणि खेळ यांत असामान्य कामगिरी केलेल्यांचा. त्यासाठी मालकाची शिफारस लागत नाही, स्वतः अर्ज करता येतो.

नोबेलसारखा मोठा पुरस्कार असेल तर तो पुरतो. नसेल तर दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात. आपल्या क्षेत्रातले मान्यताप्राप्त पुरस्कार, निवडक लोकांनाच घेणाऱ्या संस्थेचे सभासदत्व, आपल्या कामाविषयी छापून आलेला मजकूर, इतरांच्या कामाचे परीक्षण, स्वतःचे महत्त्वाचे योगदान, संशोधनपर लेख, नामवंत संस्थेतली कळीची जबाबदारी, इतरांहून बराच जास्त पगार हे त्यांतले काही. तीन भरले म्हणजे काम झाले असेही नाही. अधिकारी सगळा पुरावा एकत्र पाहून ठरवतो.

दुसऱ्या वर्गातही, ईबी-२ मध्ये, आपले काम अमेरिकेच्या राष्ट्रीय हिताचे आहे हे दाखवून मालकाशिवाय अर्ज करता येतो.

रांग जन्मस्थळावरून

अनेकांना माहीत नसलेली गोष्ट ही : एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत आणि देश ठरतो तो पासपोर्टावरून नव्हे, जन्मस्थळावरून. मनमाडला जन्मलेला माणूस वीस वर्षे दुबईत राहिला तरी भारताच्याच रांगेत. भारताची ईबी-२ ची रांग दहा वर्षांहून लांब आहे; ईबी-१ मध्येही काही वर्षे थांबावे लागते. ‘पंधरा दिवसांत निकाल’ अशी जाहिरात दिसली तर समजून घ्या : जादा फी भरून पात्रतेचा निर्णय लवकर मिळतो, कार्ड नव्हे. थांबण्याच्या काळात मुलाने एकविसावे वर्ष ओलांडले तर तो आई-बापाच्या अर्जातून बाहेर पडू शकतो. अर्ज प्रलंबित असल्याचे काही दिवस वयातून वजा होतात, पण ते नेहमीच पुरत नाहीत.

याची दुसरी बाजू आपल्या आखाती कुटुंबांच्या फायद्याची आहे. कुवेतला किंवा शारजाला जन्मलेली मुलगी भारतीय नागरिक असली तरी तिची रांग त्या देशाची. आणि नवरा-बायकोपैकी एकाच्या जन्मस्थळाचा फायदा दुसऱ्यालाही घेता येतो. म्हणून तिकडच्या दवाखान्याचा आणि सरकारी जन्मदाखला जिवापाड जपा.

नावाचा घोळ

आपल्या घरांत खरी अडचण इथे येते. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख मो. युसूफ’, पासपोर्टावर ‘मोहम्मद युसुफ’, पदवीवर आडनाव शेवटी. इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकेचे कागद पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे घालतात. मुले दहावीला जाण्याआधीच सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या. जन्माची नोंद नगरपरिषदेत आहे का, ते पाहा. निकाहनामा जपाच, शिवाय निकाहाची सरकारी नोंदणीही करून घ्या.

विकत घेतलेले मानपत्र

पैसे घेऊन पुरस्कार देणारे, वर्तमानपत्रात स्तुती छापून आणणारे, शिफारसपत्रे लिहून देणारे एजंट निघाले आहेत. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. त्याआधी दुसरा हिशेब आहे. खोटी साक्ष आपल्या दीनमध्ये कबीरा गुनाह आहे. तिच्यावर उभ्या राहिलेल्या रिज्कात बरकत कुठून येणार?

अम्मी-अब्बांचे काय?

एवढे सगळे जमले तरी ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. तो हक्क नागरिकाला आहे आणि नागरिकत्व साधारण पाच वर्षांनी मिळू शकते. तोवर आई-वडिलांनी पाहुणे म्हणून जायचे आणि परत यायचे. मुलालाही इकडे फार काळ राहता येत नाही. आधी परवानगी न घेता वर्षभर बाहेर राहिला तर कार्ड धोक्यात येते. परवानगी घेतली तरी ती सहसा दोन वर्षांची. सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिले तर नागरिकत्वाचा काळ मोजताना अडचण येते. अब्बांना लकवा मारला, सेवेला माणूस हवा, तर हे नियम आड येणार.

दुबईहून मुंबई तीन तासांवर. तिथला २०१९ पासूनचा गोल्डन व्हिसा तज्ज्ञांना दहा वर्षे राहू देतो आणि त्याचे नूतनीकरण होते. पण ते कायमचे वास्तव्य नाही आणि नागरिकत्वाकडे नेत नाही. एकीकडे पक्का मुक्काम, दुसरीकडे घराची जवळीक.

परदेशी जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. इल्मसाठी आणि रिज्कसाठी सफर करणे ही आपली जुनी रीत आहे. म्हणणे एवढेच की, अर्ज भरण्याआधी घरात मशवरा व्हावा. अम्मी-अब्बांजवळ कोण राहणार, बहिणीवर सगळा भार पडणार का, वर्षातून किती दिवस यायचे, दवाखान्याचा पैसा कुठून येणार, हे मोकळेपणाने बोलले जावे. आई-वडील मुलाच्या प्रगतीआड येऊ नये म्हणून ‘जा बेटा’ म्हणतात. त्यामागची काळजी ओळखणे मुलांचे काम आहे. इस्तिखारा करा, हिशेब मांडा, मग सही करा.