नाचणारे शरीर आणि पाहणारे शरीर

नृत्यपट म्हटला की प्रेक्षकाचे लक्ष साहजिकच नर्तकीच्या पावलांकडे जाते. परंतु पडद्यावरील नृत्याला अर्थ प्राप्त होतो तो पुष्कळदा न नाचणाऱ्या पात्रांमुळे. रंगमंचावर हे साधणे कठीण असते. तेथे प्रेक्षक आणि नट यांच्यातील अंतर ठरलेले असते. पापणीची हालचाल शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून नटाला ती मानेने किंवा हाताने करून दाखवावी लागते. कॅमेरा हे अंतर मिटवतो, आणि त्यायोगे अगदी स्वस्थ बसलेले शरीरही बोलू लागते.

कोलकात्याच्या चित्रपटसृष्टीला हे एकाएकी उमगले असे नव्हे. १९३२ साली न्यू थिएटर्सने रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘नटीर पूजा’ हे नाटक चित्रित केले. दिग्दर्शन स्वतः रवींद्रनाथांचेच होते. या नाटकाच्या अखेरीस राजाज्ञेनुसार नटीला स्तूपासमोर नाचावे लागते. नाचता नाचता ती एकेक अलंकार उतरवते, आत भिक्षुणीचे वस्त्र दिसते आणि तिला प्राणाला मुकावे लागते. संवादाची येथे गरजच नाही. तथापि हे चित्रण मुख्यतः रंगमंचावरील प्रयोगाचेच होते. नटीच्या त्यागाने पाहणाऱ्यांच्या मनात काय खळबळ उडाली, हे जवळ जाऊन टिपण्याची दृष्टी त्यात अजून आलेली नव्हती.

ती दृष्टी सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’ (१९५८) या चित्रपटात पूर्णत्वाने दिसते. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या कथेवरील हा चित्रपट एका बुडत्या जमीनदाराची कहाणी सांगतो. बाह्य चित्रण मुर्शिदाबाद जिल्ह्यातील निमतिता येथील वाड्यात झाले. संगीताचे दालन मात्र कोलकात्याच्या स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारले. अशा दालनात कथक असावे याला इतिहासाचा आधार आहे. १८५६ मध्ये अवधचे राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह कोलकात्याजवळच्या मटियाबुर्ज येथे येऊन राहिला. त्याच्यासोबत लखनौची संगीत-नृत्याची परंपराही गंगेच्या काठी आली आणि बंगालच्या धनिकांच्या बैठकींत रुजली.

चित्रपटातील शेवटच्या जलशात रोशन कुमारी नाचतात. त्या खऱ्या कथक नर्तकी असल्यामुळे पदन्यासाची लय, चक्करीचा वेग आणि समेवरचा ठाम विराम यांत खोटे काहीच नाही. प्रश्न असतो तो पाहणाऱ्यांचा. जमीनदार विश्वंभर रायची भूमिका करणाऱ्या छबी विश्वास यांना संगीताची जाण नव्हती, असे राय यांनी नमूद केले आहे. आणि पडद्यावर तर त्यांना साऱ्या परगण्यातला सर्वांत मोठा रसिक दिसायचे होते! त्यांनी हे साधले ते शरीर आवरून. पाठ ताठ, हालचाल अगदी मोजकी, नजर नर्तकीवर स्थिर. शेजारी बसलेला महिम गांगुली हा सावकाराचा नवश्रीमंत मुलगा. गंगापद बसू यांनी त्याला मुद्दाम चुळबुळ्या केला आहे. आपण ऐकत आहोत हे त्याला सतत दाखवावे लागते. ज्याला खरोखर ऐकू येते, त्याला दाखविण्याची गरज नसते. एकाच तालावर बसलेल्या या दोन शरीरांतून दोन पिढ्यांचा आणि दोन प्रकारच्या पैशांचा संघर्ष उभा राहतो.

नृत्य संपताच महिम दौलतजादा करण्यासाठी हात पुढे करतो. त्याच क्षणी विश्वंभरच्या काठीची वाकडी मूठ त्याच्या मनगटाला अडकते. पहिले बक्षीस देण्याचा मान यजमानाचा! मग घरात उरलेली अखेरची रक्कम नर्तकीपुढे जाते. एक काठी, एक मनगट, आणि घराण्याचा सारा अहंकार व सारा विनाश. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. येथे नर्तकीकडे आंगिक अभिनयाचे वैभव आहे, पण प्रसंगाचा सत्त्वभाव तोलला जातो तो बसून राहिलेल्या माणसाच्या अंगावर. वाचकाने हा प्रसंग कधी आवाज बंद करून पाहावा. कोण मालक, कोण उपरा आणि कोणाचे दिवस भरले आहेत, हे तरीही कळते.

शरीराची हीच भाषा राय यांनी पुढे उलट्या बाजूने वापरली. ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) मधील भुतांचे नृत्य सहा मिनिटांहून अधिक चालते. ते शंभुनाथ भट्टाचार्य यांनी बसविले. राजे, सामान्य प्रजा, गोरे साहेब आणि लठ्ठ पोटभरू मंडळी असे भुतांचे चार वर्ग येथे आहेत. या भुतांना सांगण्याजोगा चेहराही नाही व शब्दही नाही. मृदंग, खंजिरी, घटम् आणि मोरचंग ही वाद्ये प्रत्येक वर्गाला वाटून दिली आहेत. राजांच्या पावलांना मृदंगाचा भारदस्तपणा मिळतो, साहेबांना घटमाचा कोरडा ताठरपणा आणि लठ्ठांना मोरचंगाचा मिस्कील झणत्कार. चालीवरून जात आणि सत्ता ओळखू यावी, अशी ही योजना आहे. गती वाढत जाते, भुते आपापल्या वर्गातच एकमेकांशी झुंजतात, आणि अखेर चारही वर्ग पडद्यावर एकावर एक रचलेल्या चार ओळींत एकत्र नाचू लागतात.

समोर रानात बसून हे पाहणारे दोघे म्हणजे गावातून हाकललेला गायक गुपी आणि ढोलवादक बाघा. तपेन चटर्जी आणि रबी घोष यांचे विस्फारलेले डोळे अधूनमधून दिसतात, तेव्हाच भुतांचा हा नाच बालप्रेक्षकाला भीतिदायक आणि गंमतीचा असा दोन्ही वाटू लागतो.