तारापूरचा दर्या आणि न दिसणाऱ्या कणांची मोजदाद

तारापूरच्या किनाऱ्याला आंतरराष्ट्रीय देखरेख नवी नाही. १९६३ च्या भारत-अमेरिका करारान्वये जे अणुवीज केंद्र येथे उभे राहिले आणि १९६९ पासून जे वीज देऊ लागले, त्याच्या इंधनाचा हिशेब तपासण्याचा अधिकार व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना मिळाला. आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेने दर्याचे पाणी, गाळ व मासळी यांतील किरणोत्सर्ग मोजून दफ्तरी नोंदवण्याचा शिरस्ता पाडला. अशा नोंदी देशोदेशी ताडून पाहता येतात, कारण सीझियम-१३७ चा गॅमा किरण तारापुरात मोजा की मोनॅकोत, त्याची ऊर्जा ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच भरते.

प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचे प्रकरण इतके सरळ नाही. पाच मिलिमीटरांहून लहान अशा ज्या कणांकडे रिचर्ड थॉम्पसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने २००४ साली जगाचे लक्ष वेधले, त्यांत पिशवीचा तुकडा असतो, कपड्याचा धागा असतो, विरलेल्या नायलॉन जाळ्याचा भुगा असतो. आणि त्यांतले किती हाती लागतील हे दर्याइतकेच मोजणाऱ्याच्या साधनावर अवलंबून असते. जाळ्याच्या आसावर, म्हणजे छिद्राच्या मापावर, मासळी ठरते, हे सातपाटीच्या नाखव्याला सांगावे लागत नाही. शास्त्रज्ञांचे जाळे बहुधा एक-तृतीयांश मिलिमीटर आसाचे असल्याने बारीक धागे त्यातून निसटतात, तर बाटलीत पाणी भरून ते गाळणाऱ्याला त्याच जागी कितीतरी अधिक कण सापडतात. त्यातून एक प्रयोगशाळा घनमीटरमागे संख्या देते, दुसरी किलोभर गाळामागे. मग दोन देशांचे आकडे शेजारी मांडून निवाडा करायचा तो कसा?

या घोटाळ्यातून वाट काढण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सागरी प्रदूषणविषयक तज्ज्ञमंडळाने २०१९ साली मोजणीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आणि व्हिएन्नाच्या त्याच अणुसंस्थेने २०२१ साली ‘न्यूटेक प्लास्टिक्स’ हा उपक्रम हाती घेऊन मोनॅकोतील आपल्या सागरी प्रयोगशाळेच्या आधाराने अनेक देशांच्या प्रयोगशाळा एका मापाखाली आणण्याचा उद्योग आरंभला. कण पॉलिथिलीनचा की नायलॉनचा, हे ओळखण्याची एक पद्धत रामन यांच्या १९२८ च्या शोधावर उभी आहे. याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र तो बाळगून झाल्यावर तारापूरशेजारच्या बोईसरकडेही पाहावे.

तेथील औद्योगिक वसाहतीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या मूल्यांकनात ९३.६९ गुण दिले. प्रदूषणात तो देशातला पहिला क्रमांक होता. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलेल्या कज्ज्यात जानेवारी २०२२ मध्ये शंभरावर कारखान्यांकडून भरपाई वसूल करण्याचा हुकूमही झाला. परंतु सांडपाण्याच्या ज्या मापदंडांवर अशा कारवाया चालतात, त्यांत आम्लता, प्राणवायूची मागणी, तरंगते घन पदार्थ यांना स्थान आहे. सूक्ष्म प्लास्टिकचा स्वतंत्र रकानाच नाही, आणि ज्याला रकाना नाही त्याबद्दल कोणाकडे जाब मागणार?

मोजणीच्या आरंभासाठी मोठ्या यंत्रांची वाट पाहावी लागते असेही नाही. टोकियोचे हिदेशिगे ताकादा यांनी २००५ पासून देशोदेशींच्या नागरिकांकडून किनाऱ्यावर वेचलेले प्लास्टिकचे कच्चे दाणे टपालाने मागवले, आणि त्यांत शोषली गेलेली पीसीबी, डीडीटी यांसारखी विषे मोजून त्यांचे जागतिक नकाशे केले. केळव्यापासून नवापूरपर्यंतच्या पुळणीवर भरतीरेषा चाळण्याचे हे काम शाळेतील मुलेही करू शकतील, आणि नमुन्यावर जागा व तारीख नीट लिहिली असेल तर ते परदेशी प्रयोगशाळेलाही उपयोगी पडेल.