मँचेस्टरचा कापूस आणि नगरची जमीन

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार गांवाचें नांव घेतलें म्हणजे पाणलोटाचीं कामें, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाण्याचा ताळेबंद इतक्या गोष्टी बहुतेक वाचकांस आठवतात. श्री. पोपटराव पवार हे १९८९ सालीं सरपंच झाल्यापासून तेथें जें काम उभें राहिलें, तें सर्वांस ठाऊक असल्यानें येथें पुनः सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्या गांवानें आणखी एक नियम केलेला आहे, व त्याकडे पाहुणे मंडळींचें लक्ष सहसा जात नाहीं. गांवची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाहीं, हा तो नियम होय. आमच्या मतें सर्व नियमांत जुन्या दुखण्यावरचा असा हाच एक आहे. आणि तें दुखणें कोठून आलें हें पाहावयाचें तर नगरहून निघून थेट लंडन-मँचेस्टरपर्यंत जावें लागतें.

१८१८ सालीं पेशवाई गेली व हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यांत आला. नव्या सरकारपुढें पहिला प्रश्न साऱ्याचा. पुणें प्रांतांत १८२७-२८ चे सुमारास प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पाहणी सुरू केली. हा गृहस्थ कंपनीच्या हेलिबरी येथील विद्यालयांत शिकलेला. तेथें अर्थशास्त्राची गादी माल्थस यांच्याकडे होती. शेतीचा खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न उरतें त्यांतूनच सारा घ्यावा, हें तत्कालीन विलायती पंडितांचें मत त्यानें प्रमाण मानलें, व निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारचे असें ठरविलें. हिशेब पुस्तकांत चोख होता. परंतु ज्या कारकुनांनीं शेताशेताचा खर्च मांडावयाचा ते लांच खाणारे, माहिती खोटी, आणि धान्याचे भाव उतरलेले. तेव्हां कित्येक रयत शेतें टाकून परागंदा झाली. पुढें १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत साधी रीत घातली. जमिनीचा मगदूर पाहून सर्व्हे नंबरावर आकार बसवावा आणि तो तीस वर्षें बदलूं नये. या रीतीनें पुष्कळ पड जमीन लागवडीस आली, हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

मात्र याच रीतीनें शेत ही विकतां व गहाण टाकतां येणारी वस्तु झाली. पूर्वीं सावकारास आपल्या वसुलीकरितां गांवाची मर्जी सांभाळावी लागे. आतां त्याच्या हातीं दिवाणी कोर्ट आलें. ज्या विंगेट साहेबांनीं ही आकारणी बसविली, त्यांनींच १८५२ सालीं सावकार व कुळ यांच्यांतील या नव्या झगड्याविषयीं सरकारास इशारा दिला होता.

१८५९ सालच्या मुदतीच्या कायद्याची गोष्ट तर विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. साध्या कर्जरोख्यावरची फिर्याद तीन वर्षांच्या आंत लावली पाहिजे, असें त्यांत ठरलें. हेतु हा कीं, जुनीं शिळीं कर्जें ऋणकोच्या मानेवर पिढ्यान् पिढ्या राहूं नयेत. झालें उलट. मुदत संपत आली कीं सावकार कुळास बोलावी, व्याज मुदलांत मिळवी व नवें खत लिहून घेई. कुळानें नाहीं म्हटलें तर उद्यां फिर्याद. आपण उदाहरणादाखल हिशेब करूं. शंभर रुपये, दरमहा दर शेंकडा दोन रुपये व्याज, हप्ता एकही नाहीं. तीन वर्षांनीं नवें खत १७२ रुपयांचें. सहा वर्षांनीं सुमारें २९६ चें. नऊ वर्षांनीं पांचशेंच्या वर! आणि जबाब देण्यास दूरच्या कोर्टांत जाणें कुळास परवडत नसल्यानें बहुतेक हुकूमनामे एकतर्फीच होत. ज्यास अक्षर येत नाहीं त्याचा अंगठा कागदावर एकदां उमटला कीं कायद्याच्या दृष्टीनें करार पुरा झाला. करार हा दोन्ही पक्षांनीं स्वखुषीनें केलेला असतो, हें गृहीत इंग्लंडांतील व्यापारी पेढ्यांस शोभणारें होतें. नगरच्या माळरानावर त्याचा अर्थ निराळा झाला.

इतक्यांत १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. मँचेस्टर व आसपासच्या लँकेशायर परगण्यांतील गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा बहुतेक भाग अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांतून येई. तो बंद पडतांच तिकडे गिरण्या थांबल्या, लक्षावधि मजुरांवर उपासमारीची पाळी आली, आणि इकडे हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मँचेस्टरच्या कारखानदारांचा डोळा आपल्या कापसावर १८५७ पासूनच होता. त्याकरितां त्यांनीं एक मंडळीही स्थापिली होती. मुंबईंत शेअरांचें वेड माजलें. नगरच्या कोरडवाहू भागांत कपाशी फार नसली तरी धान्य महाग झालें, गाडीभाडें वाढलें, बोरघाटाच्या रेल्वेचें काम १८६३ पर्यंत चाललें असल्यानें मजुरीही मिळे. सावकारानें हात सैल सोडला, शेतकऱ्यानेंही सोडला. लग्नें थाटांत झालीं. त्याबद्दल आपल्या वाडवडिलांस फार दोष देण्यास आम्ही तयार नाहीं, कारण मुंबईच्या शहाण्या पेढीवाल्यांनीं याहून निराळें कांहीं केलें नव्हतें.

१८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला व पाठोपाठ धान्याचाही उतरला. नेमक्या या वेळीं तीस वर्षांची हमी संपली. इंदापूर, भीमथडी वगैरे पुणें जिल्ह्यांतील तालुक्यांत महागाईच्या वर्षांचे भाव धरून आकार भरमसाट वाढविण्यांत आला. कित्येक लेखक दंग्याचें खापर या वाढीवरच फोडतात. आम्हांस तें पुरतेंसें वाटत नाहीं. नगर जिल्ह्यांत नवी आकारणी तेव्हां आलीच नव्हती, आणि दंगा तर नगर जिल्ह्यांतच अधिक गांवीं झाला. मूळ कोर्टांत व खतांत होतें.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. तेथून ही लाट पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत तालुक्यांत पसरली. नगर जिल्ह्यांतील २२ गांवीं दंगे झाले, ३९२ माणसें पकडलीं गेलीं व २०० जणांस शिक्षा झाली. माणसांस मारहाण थोडी; रोख खतांवर होता. खतें व हुकूमनामे मागावे, मिळाले कीं चव्हाट्यावर जाळावे, असा प्रकार जागोजाग झाला.

सरकारनें चौकशी मंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू केला. कोर्टानें खतामागील मूळ व्यवहार तपासावा, कर्जापायीं शेतकऱ्यास कैद होऊं नये, गहाण नसलेली जमीन विकूं नये, असें त्यांत होतें. त्याच वर्षीं, अमेरिकेच्या स्वस्त गव्हानें बुडालेल्या आपल्या शेतकऱ्यांसाठीं पार्लमेंटलाही चौकशी नेमावी लागली. आणि १८८१ सालीं आयर्लंडांतील कुळांचा खंड कोर्टानें ठरवावा असा कायदा करून इंग्रजांनीं आपल्याच करारस्वातंत्र्याच्या तत्त्वाला मुरड घातली. फरक इतकाच कीं आयर्लंडचे सभासद पार्लमेंटांत बसून भांडत होते. पारनेरच्या वतीनें तेथें बोलणारा कोणी नव्हता.

कायद्यानें निवारण अर्धेंच झालें. गहाणाच्या जागीं सावकार खरेदीखत लिहून घेऊं लागले, आणि ज्याची जमीन सहज हातीं येत नाहीं त्यास कर्ज देण्यास कोणी पुढें येईना. याच अडचणींतून पुढें १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा निघाला.

आतां हिवरे बाजारकडे पुनः वळूं. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील पुष्कळ माणसें पोटासाठीं बाहेर पडलीं. पाणी आल्यावर त्यांतील कांहीं कुटुंबें परत आलीं, तीं आपल्याच शेतांवर. मधल्या काळांत जमीन विकून बसतीं तर परत येण्यास जागा कोठें होती? शहर तासाभराच्या आंत व जमिनीस धनाढ्य गिऱ्हाईक तयार, अशा गांवीं हा नियम कांहीं लहान नव्हे. तथापि त्याची किंमतही आहे. ज्यास मुलीच्या लग्नास किंवा दवाखान्यास तांतडीनें रक्कम हवी त्याला गांवांतलेंच गिऱ्हाईक पाहावें लागतें, व तें बाहेरच्याइतका भाव देईलच असें नाहीं. १८७९ च्या कायद्याला जी अडचण आली तीच ही. ग्रामसभेनें केलेला नियम सरकारनें वरून घातलेल्या कायद्यापेक्षां पाळला जाण्याचा संभव अधिक, हें खरें. पण सोसायटीचें कर्ज पिकापुरतें मिळतें, दुखण्याखुपण्यास मिळत नाहीं.

ज्या गांवांनीं जमीनविक्रीस असा प्रतिबंध घातला असेल, त्यांनीं गरजू खातेदाराच्या पैशाची सोय कशी केली आहे, हें आम्हांस लिहून कळवावें. तो मजकूर पुढील अंकांत देऊं.